खोके बंद झाले म्हणजे सौदा पुरा झाला नाही

गेल्या पावसाळ्यात आमच्या परिचयातील एका तरुण दुकानदाराने सोलापूरहून नांदेडला एक अॅम्प्लिफायर पाठविला. सेट जुना होता, पण दुरुस्त केलेला आणि दोन दिवस सलग चालवून पाहिलेला. ग्राहकाने ऑनलाइन पाहून पसंत केला होता आणि पैसेही आधीच भरले होते. चौथ्या दिवशी नांदेडहून फोन आला, "खोके चांगले आहे, सेटवर ओरखडाही नाही, पण सेट सुरूच होत नाही. भंगार माल देऊन तुम्ही आम्हाला फसवलेत." सेट परत मागविला. झाकण उघडले तेव्हा कारण कळले. आतला दोन किलोचा ट्रान्सफॉर्मर स्क्रूंसकट उपटून निघाला होता आणि त्याने शेजारच्या सर्किट बोर्डाचे दोन तुकडे केले होते.

त्या तरुणाचे साडेचार हजार रुपये गेले. परंतु त्याला खरे दुःख झाले ते 'फसवलेत' या शब्दाचे. त्याने फसविले नव्हते. माल खरा होता, किंमत वाजवी होती, बोलणे सरळ होते. तरीही ग्राहकाच्या हाती पडला तो बंद सेटच. दोष कुरिअरवाल्याचा, असे तो म्हणाला. आम्ही त्याला विचारले, "खोक्यात काय भरले होते?" तो म्हणाला, "वर्तमानपत्राचे बोळे आणि टॉवेलच्या चिंध्या."

या उत्तरात आजच्या लेखाचा सारा विषय आला. आमचे मत स्पष्ट आहे. मालाची पॅकिंग ही विक्रीनंतरची हमाली नसून ती विक्रीचाच भाग आहे. खोक्यावर टेप लावली म्हणजे सौदा पुरा होत नाही. ग्राहकाने खोके उघडून बटण दाबले आणि दिवा लागला, म्हणजे सौदा पुरा झाला.

चादरीच्या शहराची सवय

सोलापूर हे कापडाचे शहर. येथील चादर आणि टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पिढ्यान्‌पिढ्या या शहराने माल बांधून देशभर पाठविला. चादरींचे गठ्ठे दाबून बसवावेत, गोणपाट घालावे, दाभणाने सुतळीची शिवण मारावी, वर पत्ता रंगवावा, की गाठ तयार. अशी गाठ ट्रकमधून खाली टाकली, तिच्यावर दुसऱ्या दहा गाठी रचल्या, तरी आतल्या चादरीला काही होत नाही. पाणी आणि उंदीर यांच्यापासून जपले की झाले. आमच्या हमाल बांधवांचे हातही याच मालावर घडले आहेत.

आता त्याच शहरातील तरुण नवी पेठेतून आणि आपापल्या मोहल्ल्यांतून मोबाईल, स्पीकर, अॅम्प्लिफायर, कॅमेऱ्याचे रेकॉर्डर, इन्व्हर्टरचे बोर्ड ऑनलाइन विकू लागले आहेत. ही चांगली गोष्ट आहे. मोठे दुकान आणि मोक्याची जागा नसलेल्या मुलाला हातातील हुन्नराच्या जोरावर नांदेड, नागपूर, हैदराबादचा ग्राहक मिळतो, ही अल्लाहची मेहरबानीच म्हणावी लागेल. पण माल बदलला आणि सवय मात्र चादरीचीच राहिली. 'घट्ट बांधले म्हणजे सुरक्षित' हा कापडाचा नियम आहे. काचेला आणि सर्किटला तो लागू पडत नाही.

दुसरी सवय आपल्याच जिल्ह्यात आहे, तिच्याकडे पाहावे. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या भागातील शेतकरी डाळिंब पाठवितो. सोलापूरच्या डाळिंबालाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. डाळिंब वरून कठीण दिसते, पण आपटले की आतले दाणे काळे पडतात आणि सालीवर काही दिसत नाही. म्हणून तो शेतकरी आकारानुसार फळ निवडतो, पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाची कात्रणे अंथरतो, फळ हलणार नाही असे बसवितो, आणि एका खोक्यात किती थर घालायचे हे ठरवूनच घालतो. नांदेडला गेलेला अॅम्प्लिफायर चादरीसारखा नव्हता, डाळिंबासारखा होता. त्याची साल शाबूत राहिली आणि दाणे फुटले.

मऊ म्हणजे सुरक्षित नव्हे

आघात आत कसा पोहोचतो, हे एकदा समजून घेतले पाहिजे. टेबलाच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे ७६ सेंटिमीटरवरून पार्सल पडले, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी सुमारे १४ किलोमीटर असतो. हा वेग किती अंतरात थांबतो, यावर सर्व काही अवलंबून आहे. सेट दोन मिलिमीटरमध्ये एकदम थांबला, तर ढोबळ हिशेबाने आतल्या प्रत्येक भागावर त्याच्या वजनाच्या ३८० पट जोर येतो. तोच सेट गादीत रुतत अडीच सेंटिमीटरमध्ये थांबला, तर जोर ३० पटींवर येतो. दोन किलोच्या ट्रान्सफॉर्मरचा हिशेब करा. पहिल्या वेळी त्याच्या चार स्क्रूंवर ७६० किलोंचा ताण पडतो, दुसऱ्या वेळी ६० किलोंचा. स्क्रू ६० किलो सोसतात, ७६० किलो सोसत नाहीत.

चिंध्या आणि कागदाचे बोळे का उपयोगी पडत नाहीत, हे यावरून कळेल. ते मऊ असतात, पण दबले की दबूनच राहतात. सोलापूर ते पुणे या अडीचशे किलोमीटरच्या प्रवासात ट्रकच्या हादऱ्यांनी जड सेट हळूहळू खाली सरकतो आणि खोक्याच्या तळाला टेकतो. मग पहिल्याच आपटीत तो दोन मिलिमीटरमध्ये थांबतो. शिवाय चिंधीचा सुती कापूस ओल धरतो आणि त्याचे तंतू सेटच्या पंख्यात व जाळीत अडकतात. दबून पुन्हा वर येते तीच खरी गादी.

बबल शीटची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. १९५७ साली अमेरिकेत आल्फ्रेड फिल्डिंग आणि मार्क शावान या दोघांनी ती तयार केली, ती भिंतीवर चिकटविण्याचा नक्षीदार कागद म्हणून. त्या कामाला ती कोणी घेतली नाही. पुढे आयबीएम कंपनीचे १४०१ हे संगणक ग्राहकांकडे पाठविताना ते सुरक्षित राहावेत म्हणून ती वापरली गेली, आणि तेथून तिचे नशीब उघडले. म्हणजे नाजूक इलेक्ट्रॉनिक माल आणि बबल शीट यांची सोबत साठ वर्षांहून अधिक जुनी आहे. ही काही आपण नव्याने शोधायची विद्या नव्हे, फक्त शिकून घ्यायची आहे.

प्रत्यक्ष काय करावे

पहिली गोष्ट, सेटच्या आत पाहावे. जड ट्रान्सफॉर्मर, उंच हीटसिंक, सैल कार्ड यांचे स्क्रू आवळावेत आणि आधाराला फोमचा तुकडा बसवावा. तो काढल्याशिवाय सेट सुरू करू नये, अशी मराठीत व हिंदीत चिठ्ठी वर ठेवावी. ट्रान्सफॉर्मर फारच जड असेल आणि ग्राहक जाणकार असेल, तर तो काढून वेगळा बांधावा.

दुसरी, सुटा सर्किट बोर्ड, रॅम किंवा हार्ड डिस्क साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नये. साधे प्लॅस्टिक व थर्माकोल घासले की स्थिर वीज तयार होते. सुमारे तीन हजार व्होल्टच्या खालचा झटका माणसाच्या बोटाला जाणवतही नाही, पण बोर्डावरची चिप त्याहून कितीतरी कमी व्होल्टेजने जाते. यासाठी चंदेरी किंवा गुलाबी रंगाची अँटिस्टॅटिक पिशवी मिळते. किंमत काही रुपये असते. वाचवून काय मिळणार?

तिसरी, सेटच्या सहाही बाजूंनी निदान पाच सेंटिमीटर जाडीची गादी असावी. हलक्या वस्तूला बबल शीटचे दोन-तीन वेढे आणि मोकळ्या जागेत भराव पुरतो. जड वस्तूखाली बबल फुटतात, म्हणून तिला फोमच्या जाड पट्ट्या लावाव्यात. कंपनीचे मूळ थर्माकोलचे साचे असतील तर ते रद्दीत देऊ नयेत. ते त्याच सेटसाठी घडविलेले असतात.

चौथी, खोक्यात खोके. आतले खोके सेटला बेताचे आणि बाहेरचे चारही अंगांनी मोठे घेऊन मध्ये भराव घालावा. चार-पाच किलोंच्या वर वजन असेल, तर बाहेरचे खोके पाच प्लायचे घ्यावे. आपल्याकडे सुताच्या कोनची जुनी खोकी स्वस्त मिळतात आणि आमचे भाऊ ती वापरतात. पण एकदा प्रवास केलेल्या, कोपरे दबलेल्या खोक्याची ताकद बरीच गेलेली असते. अशा खोक्यात टॉवेल पाठवावेत, टीव्ही पाठवू नये.

पाचवी, पाणी आणि ऊन. पुठ्ठा ओला झाला की खोके बसते. म्हणून सेट आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि आत सिलिका जेलची पुडी टाकावी. सोलापूरचा उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको. बंद ट्रकमध्ये हलक्या टेपचा गोंद सुटतो आणि खोक्याचा तळ उघडतो. टेप रुंद व चांगली घ्यावी, आणि मधल्या फटीवर व दोन्ही कडांवर अशी लावावी की इंग्रजी 'एच'चा आकार दिसेल.

शेवटी खोके हातात धरून हलवावे. आत आवाज आला तर ते पुन्हा उघडावे, याला दुसरा उपाय नाही. आणि खोक्यावर 'काच आहे, सांभाळून' असे मोठ्या अक्षरांत लिहिले म्हणजे काम झाले, असे मानू नये. मोठ्या केंद्रांत पार्सले सरकत्या पट्ट्यावरून जातात, आणि पट्ट्याला वाचता येत नाही.

हे सारे पुरेसे झाले की नाही, याची परीक्षा घरीच घेता येते. पॅकिंगच्या जागतिक चाचण्यांत सुमारे साडेनऊ किलोंपर्यंतचे पार्सल ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा टाकून पाहतात, एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर आणि सहा वेळा सहा बाजूंवर. भंगारातला तेवढ्याच वजनाचा बंद सेट घ्यावा, आपल्या पद्धतीने बांधावा, दुकानाच्या फरशीवर दहा वेळा टाकावा आणि उघडून पाहावा. त्याचे जे होईल ते ग्राहकाच्या सेटचे होणार आहे.

बॅटरीचा प्रश्न वेगळा

मोबाईल, पॉवर बँक, लॅपटॉप यांच्या लिथियम बॅटरीत केवळ तुटण्याचा नाही, तर पेटण्याचा धोका असतो. सुट्या लिथियम आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १ एप्रिल २०१६ पासून मनाई केली आहे. मालवाहू विमानातही त्या ३० टक्क्यांहून अधिक चार्ज असता कामा नयेत. पॉवर बँकही सुटी बॅटरीच समजली जाते. तेव्हा बुकिंगच्या वेळी आत बॅटरी आहे हे सांगावे, रस्त्याने पाठवावी, आणि टोकांना टेप लावावी म्हणजे ती एकमेकांना टेकणार नाहीत. फुगलेली बॅटरी कोणालाही, कोणत्याही किमतीला पाठवू नये. 'खेळणी' असे लिहून बॅटरी पाठविणे हे खोटे तर आहेच, पण त्यात परक्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे.

पावतीवर काय लिहिले आहे?

आमचे तरुण कुरिअरची पावती खिशात घालतात, वाचत नाहीत. रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी २००७ चा कॅरेज बाय रोड कायदा आहे. तो १ मार्च २०११ पासून लागू झाला, आणि घरपोच माल नेणारी कुरिअर कंपनीही त्यात येते. त्याखालील नियमांनुसार मालाची जास्त किंमत आगाऊ जाहीर करून जादा दर भरला नसेल, तर नुकसानभरपाई भाड्याच्या दहा पटींपुरतीच मर्यादित राहते. म्हणजे पंधरा हजारांचा मोबाईल ८० रुपये भाड्याने पाठविला, तर हाती येणार फार तर ८०० रुपये. दावा लावायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवरचे भांडण ही नोटीस नव्हे.

दुसऱ्या बाजूला ग्राहकाचा कायदा आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन बाजारपेठेतून विकणाऱ्या विक्रेत्याला सदोष किंवा सांगितल्याप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास नकार देता येत नाही. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची सोय दिली आहे. नांदेडचा ग्राहक नांदेडच्या आयोगात गेला, तर सोलापूरच्या दुकानदाराला उत्तर द्यावे लागेल. दोन्ही कायदे एकत्र वाचले तर लहान विक्रेत्याचे खरे संरक्षण कोणते, हे उघड होते. त्याचे संरक्षण खोक्याच्या आत आहे.

यावर काही बंधू म्हणतील, ग्राहक तरी सारे प्रामाणिक कोठे असतात? चांगला सेट ठेवून घेऊन बिघडलेला परत पाठविणारे आहेतच. हे खरे आहे, आणि त्यावर इलाजही आहे. सेट चालू असतानाचे आणि पॅक करतानाचे सलग व्हिडिओ चित्रण करावे, त्यात सेटचा अनुक्रमांक स्पष्ट दिसावा, आणि बुकिंगच्या वजनाची पावती जपून ठेवावी. असा पुरावा प्रामाणिक ग्राहकालाही दिलासा देतो. मोठ्या ऑनलाइन कंपन्यांनीही परतीचा सारा बोजा लहान विक्रेत्यावर टाकण्याआधी असा पुरावा पाहिला पाहिजे, ही आमची रास्त मागणी आहे. कुरिअर कंपन्यांनीही जादा किमतीची नोंद करण्याची सोय बुकिंगच्या वेळी तोंडी सांगावी. बारीक अक्षरांत छापणे म्हणजे सांगणे नव्हे.

अमानत

आमच्या दृष्टीने हा केवळ नफ्या-तोट्याचा प्रश्न नाही. ग्राहकाने पैसे दिले, त्या क्षणापासून तो माल आपल्याकडे त्याची अमानत आहे. हनफी फिकहमध्ये विकलेला माल ग्राहकाच्या ताब्यात जाण्याआधी नष्ट झाला, तर तोटा विक्रेत्याचा मानला जातो. पूर्वी हा ताबा दुकानाच्या उंबरठ्यावरच होत असे. आज तो पाचशे किलोमीटरवर होतो. अंतर वाढले म्हणून जबाबदारी कमी झाली नाही, उलट लांबली.

प्रेषित हजरत मुहम्मद (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका ढिगात हात घालून पाहतात, तो आत ओल लागते, ही हदीस आपण जुम्याच्या खुतब्यांत अनेकदा ऐकली आहे. पावसाने भिजले, असे त्या विक्रेत्याने सांगितले. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी (स.) त्याला विचारले आणि फसवणुकीबद्दल कडक शब्दांत समज दिली. पाऊस पाडणे त्या विक्रेत्याच्या हाती नव्हते. ओल वर ठेवणे त्याच्या हाती होते. तसेच ट्रकचे हादरे आपल्या हाती नाहीत, खोक्यातली गादी आपल्या हाती आहे. तवक्कुल करावे, पण उंट आधी बांधून मग.

हिशेबानेही हेच पटते. समजा साडेचार हजारांच्या सेटवर चारशे रुपये सुटतात. सेट पूर्ण वाया गेला तर खरेदीचे ४,१०० आणि जाण्या-येण्याच्या भाड्याचे ७००, मिळून ४,८०० रुपये गेले. ही बारा सेटांची कमाई झाली. चांगल्या दुहेरी पॅकिंगला दीडशे रुपये धरले, तर तेवढ्या पैशांत बत्तीस सेट नीट बांधून होतात. हे दीडशे रुपये किमतीत उघडपणे धरावेत आणि ग्राहकाला सांगावेत. सांगून घेतलेल्या पैशाचे कोणालाही वाईट वाटत नाही.

एकट्या दुकानदाराला पन्नास खोकी महाग पडतात, हे आम्ही जाणतो. म्हणून आमची सूचना अशी की, एकाच भागातील आठ-दहा तरुणांनी मिळून तीन मापे ठरवावीत आणि पाच प्लायची खोकी, फोम व बबल शीटचे रोल कारखान्यातून एकत्र घ्यावेत. ज्याला पॅकिंग चांगली जमते त्याने इतरांना शिकवावी. आपल्या घरांतील भगिनींना यात घरबसल्या हलाल रोजी मिळू शकते, तिचाही विचार व्हावा.

तो नांदेडचा ग्राहक आता त्या तरुणाकडे परत येणार नाही, आणि चार जणांना सांगेलही की सोलापूरचा माल खोटा. चादरीने या शहराचे नाव देशभर नेले ते शंभर धुण्यांनंतरही रंग टिकला म्हणून. नव्या व्यापारात उतरलेल्या आमच्या तरुणांनी ते नाव आपल्या खोक्यात नीट बांधून पाठवावे, एवढीच विनंती.